पालामास्तरांचं एक फूल

आमच्या शाळेत दोन मास्तर बिनकामाचे समजले जात. एक मी, ड्रॉइंगचा, आणि दुसरे सृष्टिज्ञानाचे गुरुजी. फरक एवढाच की मला कोणी बिनकामाचा म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि त्यांना ते ऐकूच जायचं नाही. कोरेगावात मी रुजू झालो तेव्हा हेडमास्तरांनी आमची ओळख करून दिली. गुरुजींनी माझ्या तोंडाकडं न बघता खिशातल्या पेन्सिलीकडं बघितलं आणि विचारलं, "पानाच्या शिरा काढता येतात का?" मी म्हटलं, "येतील की." "येतील नको. येतात का?" पहिल्याच दिवशी माझं टाळकं फिरलं. पुढं सात वर्षं याच माणसासाठी मी फुकट शिरा काढत बसलो, आता बोला.

पोरं त्यांना पालामास्तर म्हणत. नाव चुकीचं नव्हतं. कोटाच्या दोन्ही खिशांत पाला, पाठीला रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची केलेली लांबट पेटी, तिच्यातही पाला. चालताना मधेच थांबत आणि रस्त्याकडेच्या झुडपापाशी उकिडवे बसत. समोरून बैलगाडी आली तर गाडीवानानं गाडी वळवून न्यायची. हा माणूस उठत नसे.

त्यांच्या घरी गेलं की खाटेवर बसावं लागे. चटई असो, खुर्ची असो, पाहुण्यानं बसायचं ते खाटेवरच. "बसा. जरा दाबून बसा." मला वाटायचं, काय हा पाहुणचार. नंतर कळलं की गादीखाली वर्तमानपत्रांच्या घड्यांत झाडाच्या फांद्या वाळत घातलेल्या असत आणि पाहुणा म्हणजे फुकटचं वजन. आमचे हेडमास्तर चांगले सव्वादोन मणांचे. ते यायचे म्हटलं की ओल्या फांद्यांची चवड त्यांच्या बाजूला सरकवली जाई. एके दिवशी त्यांना हे कळलं. ते म्हणाले, "गुरुजी, मी तुमच्याकडं माणूस म्हणून येतो की वरवंटा म्हणून?" गुरुजी अगदी मनापासून म्हणाले, "वरवंट्यानं शिरा फाटतात, साहेब. तुमचं तसं नाही."

त्या घड्या बदलताना ते वर्तमानपत्र वाचत. म्हणजे जगाच्या बातम्या त्यांना पाचसहा महिन्यांनी लागत. दिवाळीत एकदा गंभीर चेहऱ्यानं शिक्षकांच्या खोलीत आले आणि म्हणाले, "फ्रान्स पडलं." आम्ही म्हटलं, "गुरुजी, ते पडून पावसाळा गेला." "असं का? माझ्याकडं आज आलंय," असं म्हणून ते वर्गावर निघून गेले.

त्यांचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ. फूल दिसल्याशिवाय ते झाडाचं नाव सांगत नसत. बाजारच्या दिवशी कोणी शेतकरी फांदी घेऊन येई. "गुरुजी, ह्ये कशाचं हाय बगा. बांधाला लय माजलंय." गुरुजी फांदी उलटीसुलटी करत आणि परत देत. "पानं सगळ्यांनाच असतात. फुललं की ये." "आवं, पन तुमाला ठावं असंल की." "असेल. पण फुलानं सांगितलं नाही अजून." तो बिचारा चारचार महिन्यांनी पुन्हा येई. आमच्या वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, मोठ्या तिखट. मला म्हणाल्या, "भावजी, तीस वर्षं संसार केला. मला नावानं कधी हाक मारली नाही. मीही एखादं फूल दाखवायला हवं होतं बहुतेक."

आणि गंमत अशी की हे सगळं ज्ञान घाटमाथ्याच्या अलीकडचं. सातारा, कोरेगाव, खाली सांगलीपर्यंतचं एक झुडूप त्यांच्या ओळखीबाहेर नव्हतं, पण घाट उतरून कोकणात ते कधी गेले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "खाली उतरलो की तिथलंही सगळं शिकावं लागेल. एवढं आयुष्य कुठं आहे?"

बेचाळीसच्या चळवळीत त्या पत्र्याच्या पेटीनं त्यांना आत नेलं. नदीकाठी बसलेला माणूस, पाठीला पेटी, खिशात सुरी, पोलिसांनी आणखी काय समजायचं? पेटी उघडली तर पाला. पाल्याखाली काहीतरी असणारच म्हणून साताऱ्याला नेऊन आठदहा दिवस कोठडीत ठेवलं. सुटून आले ते चिडलेले, पण कोठडीबद्दल नाही. फौजदारानं फांद्या मोजून परत दिल्या आणि त्यात एक कमी भरली, म्हणून.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागातली पोरं लढाई सुरू झाल्यावर पलटणीत भरती होऊ लागली. घराघरातून एक, कुठं दोन. पोरं निघण्याआधी शाळेत पाया पडायला येत. बाकीचे मास्तर भाषण देत, मी पाठीवर थाप देत असे. गुरुजी प्रत्येकाला टीपकागदाचे सहा तुकडे देत आणि सांगत, "जाशील तिथलं एक झाड पाठव. फुलासकट. फूल नसलं तर पाठवू नको." आणि पोरं खरंच पाठवत. मिसरातून काटे आले, इटलीतून जैतुनाची डहाळी आली. पत्रातली गावांची नावं सेन्सॉरवाले कापून काढत, पण पाल्याला कोण कापतंय? गुरुजी प्रत्येक फांदी कागदावर शिवून खाली झाडाचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव लिहीत. ठिकाणाच्या रकान्यात लिहीत, 'लढाईवर.'

हरी हा त्यांच्यातला लाडका. गावाबाहेरच्या मळ्यातला, बाप नसलेला, आई, चुलता आणि नुकतं लग्न होऊन आलेली बायको इंदू. तो ब्रह्मदेशाकडं गेला एवढंच माहीत होतं. त्रेचाळीसच्या फाल्गुनात तार आली की हरी माघापासून बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे काय, हे तार वाचून दाखवताना मलाच धड सांगता येईना. मेला म्हणावं तर तसं लिहिलेलं नाही, आणि आहे म्हणावं तर तसंही नाही.

वैशाख संपत आला असताना एक दिवस हरीची आई, चुलता आणि मागं डोक्यावरून पदर घेतलेली इंदू, अशी तिघं गुरुजींच्या दारात आली. मी तिथंच खाटेवर वजन देत बसलो होतो. म्हातारीच्या हातात एक पत्र होतं. पाण्यात बुडून निघालेलं. शाई सगळी वाहून गेलेली, शिक्क्याचा नुसता काळा डाग. गुरुजींनी ते उजेडाला धरून लावलं. 'मी खुशाल आहे' आणि 'गुरुजींना फूल द्या,' एवढंच लागलं. आत मेणकागदाची पुडी होती आणि पुडीत टीपकागदात वाळलेली एक डहाळी. जाड पानं, कडेला काटे, आणि एकच काळपट पडलेलं फूल.

चुलता म्हणाला, "गुरुजी, येवढंच सांगा. ही चिट्ठी त्यो बेपत्ता व्हायच्या आदीची का मागनंची?"

"कशासाठी?"

चुलत्यानं मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. "मी काय हरीचा वैरी न्हाई. पन किती दिस असं लटकत ऱ्हायाचं? भटजी म्हनलं, देह न्हाई तर पळसाच्या पानांचा मानूस करत्यात आन् त्येला अग्नी देत्यात. येत्या अवसेला उरकावं म्हनतो. मागनं आमची पोरगी उजवायची हाय. पन चिट्ठी मागनंची आसंल तर मी पळसाला हात लावनार न्हाई."

पळसाच्या माणसाला अग्नी दिला की त्याच दिवशी इंदूच्या बांगड्या फुटणार आणि कुंकू पुसलं जाणार. ती अठरा-एकोणीस वर्षांची पोर दाराला टेकून उभी होती आणि सगळे तिच्याकडं बघायचं टाळत होते.

गुरुजी म्हणाले, "पत्र काही सांगत नाही. फूल सांगेल. हे झाड कोणतं आणि कुठल्या महिन्यात फुलतं ते कळलं की फूल कधी तोडलं ते कळेल." मग आत हाक मारली, "कपभर गरम पाणी आणा."

वाळलेलं फूल उघडून बघायचं तर ते कोमट पाण्यात भिजवावं लागतं, हे मला माहीत होतं. तरी त्यांनी ते चहाच्या कपात सोडायला धरलं तेव्हा मी खाटेवरून उठलो. म्हातारी पुढं झाली. "गुरुजी, एकच हाय त्ये. माज्या लेकाचं."

"माहीत आहे, बाई."

फूल पाण्यात गेलं. सावकाश सैल झालं. गुरुजींनी सुईनं त्याच्या पाकळ्या अलगद सोडवल्या आणि भिंगातून बघू लागले. मला जवळ बोलावलं. "काढा. नीट बघा, याला खालचाच ओठ आहे. वरचा नाही. असं फूल मी पाहिलेलं नाही." मी काढत होतो आणि इंदू त्या कपाकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, फूल विरघळेल म्हणून घाबरली असेल.

शेवटी गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. "मला येत नाही," म्हणाले. सात वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून त्या एकाच दिवशी ऐकले. "पण अवसेच्या आत सांगतो. तोवर पळस आणू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आगगाडी धरून आम्ही सांगलीला. शाळेला सुट्टी होती आणि मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, कारण मला कोणी विचारलंच नव्हतं. तिथल्या कॉलेजात वनस्पतीचे एक प्राध्यापक होते. त्यांनी दोन मण वजनाचं इंग्रजी पुस्तक काढलं, माझं चित्र बघितलं, पान उलटलं आणि म्हणाले, "खारट चिखलात वाढणारं झुडूप आहे. बारमाही हिरवं. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर आहे, आणि गुरुजी, आपल्या कोकणातल्या खाड्यांवरही भरपूर आहे. तुम्ही पाहिलं नाही?" गुरुजींचे कान लाल झाले. फुलण्याचा काळ पुस्तकात उन्हाळा असा दिला होता. मी म्हटलं, "चला, झालं काम. माघात उन्हाळा कुठला?" गुरुजी म्हणाले, "पुस्तक लिहिणारा सगळीकडं गेला असेल असं नाही. मी बघून येतो."

म्हणून तो घाट. कराडहून चिपळूणला कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार जाई, लढाईमुळं पेट्रोल कुठलं मिळायला. जाई म्हणायचं एवढंच. कुंभार्ली घाटाच्या चढाला ती धापा टाकून थांबली ती थांबलीच. वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेली खडी, आणि हा पन्नाशीचा माणूस पेटी पाठीला मारून घाट उतरतोय. वाटेत इतकी अनोळखी झाडं, पण एकाही झाडापाशी ते बसले नाहीत. मी मुद्दाम एक दाखवलं तर म्हणाले, "आज नको." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला भीती वाटते आहे.

खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात कंबरेएवढी हिरवीगार झुडपं, काटेरी पानं, आणि वर निळसर जांभळी फुलं, खालचाच ओठ असलेली. गुरुजी धोतर खोचून थेट चिखलात शिरले. हात ओरबाडले, धोतराचा सोगा काट्यात राहिला. एक बाई कालवं फोडत बसली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "ही मारांडी. चैतात फुलाया लागते, पाऊस पडेपर्यंत असतात फुलं."

"पौषात? माघात?"

"थंडीत एक फूल मिळायचं नाही हो. जन्म गेला माझा इथं."

गुरुजींनी तिला वाकून नमस्कार केला. ती बावरून उठून उभी राहिली.

परतताना मी एकच गोष्ट विचारली. "गुरुजी, हे इथलं झालं. ब्रह्मदेशात माघात फुलत असेल तर?" पेटीचा पट्टा वर ओढून ते म्हणाले, "तर मी चुकलो."

अवसेच्या दोन दिवस आधी आम्ही हरीच्या मळ्यात गेलो. गुरुजींनी मारांडीची ताजी फांदी चुलत्यापुढं ठेवली, शेजारी हरीची. "तेच झाड. हे चैत्रात फुलतं, थंडीत नाही. हरी बेपत्ता झाला माघात. म्हणजे हे फूल त्यानं नंतर तोडलंय. माझी खात्री आहे." 'माझी खात्री आहे' हे त्यांनी इतक्या ठामपणे म्हटलं की मीही दचकलो. चुलत्यानं दोन्ही फांद्या हातात घेऊन पारखल्या. मग म्हणाला, "तुमी फुलाबिगर तर बोलतच न्हाई. मंग झालं तर." पळस आला नाही. म्हातारी गुरुजींच्या पाया पडली. इंदू आतच होती.

त्यानंतर हा माणूस मळ्याच्या वाटेनं जाईनासा झाला. नदीला जायचं तर लांबून वळसा घाली. वहिनी म्हणायच्या, "जेवण कमी झालंय यांचं." एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. हरीचं पत्र नाही, निरोप नाही. इंदू बाजारात दिसे, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. बायका तिच्यामागं कुजबुजत. गुरुजी ती दिसली की खिशातला पाला चाचपत दुसरीकडं बघत.

लढाई संपली आणि त्या हिवाळ्यात हरी आला. जपान्यांच्या कैदेत होता. हाडांचा सापळा, एका पायानं लंगडत, पण आला. सगळा गाव मळ्यात लोटला. म्हातारीनं गुरुजींना बोलावणं धाडलं आणि सर्वांसमोर म्हणाली, "ह्येंनी माज्या लेकाला जित्ता ठेवला."

हरी हसला. "त्ये फूल पोचलं व्हय, गुरुजी? लय जुनं हुतं. आदल्या उन्हाळ्यात बंगालच्या खाडीवर कँपात हुतो, तवा तोडलेलं. मागल्या रजेत द्यायचं म्हनून आनलं, तर तुमी साताऱ्याला कोठडीत. मग तसंच पगाराच्या पेबुकात ऱ्हायलं. फुडं माघाच्या तोंडाला हल्ल्याची आर्डर आली, म्हनलं पाठवून द्यावं. तिथं काय फुललेलंच न्हवतं, आन् तुमी फुलाबिगर घेत न्हाई."

लोक हसले, चुलताही हसला. माणूस समोर बसलाय, फुलाचं कोण घेऊन बसतंय? पण मी गुरुजींकडं बघितलं आणि माझं हसू विरलं. म्हणजे पत्र आधीचंच होतं. त्या दिवशी त्यांनी जी खात्री दिली ती चूक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन पुन्हा मळ्यात गेले. हरी आणि म्हातारी देवाला गेली होती. इंदू चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. गुरुजी दाराबाहेरच उभे राहिले. "पोरी, मला तुला सांगायचंय. मी त्या दिवशी खात्रीनं बोललो, ती खात्री खोटी होती. तुझा नवरा जिवंत आहे असं सांगायचा मला काही अधिकार नव्हता. तो आला नसता तर तुझा सगळा जन्म मी…"

इंदूनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला ठावं हुतं, गुरुजी."

"काय?"

"त्ये फूल जुनं हुतं त्ये. रजेवर आलं तवा कापडं धुवायला मी खिसं रिकामं केलं. तवा बघितलं हुतं त्येंच्या पेबुकात. ह्योच कागुद, ह्येच काटं."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस? हे बिचारे घाट उतरून गेले."

"बोलले आसते तर पळस आनला आसता."

"म्हणजे तो जिवंत आहे असं तुला वाटत होतं," गुरुजी हळूच म्हणाले.

"न्हाई." तिनं पिठाचा हात परातीत झटकला. "मला न्हवतं वाटत. पन तुमाला वाटत हुतं. तुमच्यासारख्या मानसाला वाटतंय, तर आपून कशाला मोडता घालायचा, आसं म्हनत म्हनत दिस काढलं. बाजारात तुमी दिसला की बरं वाटायचं."

गुरुजी मटकन उंबऱ्यावर बसले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. डोळे पुसायला खिशातून रुमाल काढायला गेले तर हातात पाला आला. मी मान वळवली, कारण माझंही काही खरं नव्हतं. मागून त्यांचा आवाज आला.

"इंदू, आणखी दोन भाकरी टाक. आम्ही जेवूनच जातो."